इंदूरच्या अंगणात सावनी : दोन बहर पाहिल्यानंतर

लायलॅकचे जांभळे तुरे फोटोत पाहून ज्यांचा जीव अडकलाय, त्यांना आधीच सांगते : इंदुरात तो नाद सोडा. ते झुडूप मूळचं बाल्कनच्या डोंगरांतलं. हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडी मिळाल्याशिवाय ते नीट फुलत नाही, आणि आपली पौषातली थंडी त्याला पुरत नाही. मी लावली सावनी. आपल्या तामणाच्याच कुळातली. अमेरिकेच्या उष्ण दक्षिण भागात हिलाच ‘दक्षिणेचा लायलॅक’ म्हणतात.

फूल जवळून पाहा. सहा पाकळ्या, कडा चुण्या पाडल्यासारख्या, आणि प्रत्येक पाकळी बारीकशा देठावर, म्हणून मधून आरपार दिसतं.

रामबागेतल्या आमच्या अंगणात काळी माती. पावसात पाणी धरून ठेवते, वैशाखात भेगाळते. खड्ड्यात मुरूम आणि भरपूर घरचं कंपोस्ट घातलं. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथे राहून कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. त्या गावात खत विकत आणणं मला पटत नाही. काडीकचरा, शेण, थोडी माती-राख असे थर रचायचे, ओल राखायची, अधूनमधून ढीग उलथायचा.

थंडीत सगळी पानं झडली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “गेलं गं झाड.” नखाने फांदीची साल जराशी खरवडून दाखवली, आत हिरवीगार. फाल्गुनात फूट आली.

छाटणी मात्र समजून करा. सावनी नव्या फुटीवर फुलते, म्हणून पानं नसताना, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत छाटायची. लायलॅकच्या कळ्या आदल्या वर्षीच्या फांदीवर धरतात, त्याची छाटणी बहर संपताच. परदेशी व्हिडिओ पाहून सावनीला तोच नियम लावू नका. आणि बुंध्यापर्यंत तोडू तर मुळीच नका, फुटवे लेचेपेचे येतात आणि तुऱ्याच्या वजनाने वाकतात.

उणी बाजू? सुगंध जवळजवळ नाहीच; लायलॅकची खरी श्रीमंती तीच, म्हणून शेजारी मोगरा लावलाय. पावसाळ्यात पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी येते, कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे. दिवसभर ऊन आणि फांद्यांतून वारा खेळता असेल तर भुरी कमी राहते. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेही जातो. सावलीत जागा असेल तर हे झाड घेऊच नका.

पहिला बहर ओसरला की वाटाण्याएवढी हिरवी बोंडं धरतात. ती तुऱ्यासकट कापा, गणपतीपर्यंत पुन्हा फुलं येतात.