कुत्र्याचे केस फार गळतात: ब्रश, ब्लेड, ब्लोअर की मशीन?

काहीही विकत घ्यायच्या आधी कुत्र्याला उजेडात बसवा आणि मानेवरचे किंवा मांडीच्या मागचे केस दोन बोटांनी बाजूला सारा. वरच्या राठ केसांच्या बुडाशी कापसासारखी मऊ, दाट लव दिसली तर तुमचा कुत्रा डबल कोटचा. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, हस्की, पॉमेरेनियन, बीगल हे सगळे यातले. आखूड केसांचा पगसुद्धा बहुतेक वेळा यातलाच निघतो. लव नसेल आणि केसांखाली थेट कातडी दिसत असेल तर सिंगल कोट. बॉक्सर आणि डाल्मेशियन तसे. पूडल आणि माल्टीज यांचाही कोट एकेरीच, पण त्यांचा केस दीर्घकाळ वाढतच राहतो, म्हणून ते गळतात कमी आणि गुंततात जास्त.

ही तपासणी केल्याशिवाय ‘कोणतं साधन चांगलं’ या प्रश्नाला उत्तर नाही. शेजारच्या हस्कीला लागू पडलेली वस्तू तुमच्या डाल्मेशियनच्या कातडीवर ओरखडे काढू शकते.

निरोगी कुत्र्याचं केस गळणं कुठल्याही उपायाने पूर्ण थांबत नाही, हेही आधीच सांगतो. केस वाढतो, मग वाढ थांबून काही काळ मुळाशी नुसता टिकून राहतो आणि शेवटी सुटतो. दिवस लहान-मोठा होऊ लागला की डबल कोटची लव झुबक्यांनी मोकळी होते. घरात दिव्यांच्या उजेडात राहणाऱ्या कुत्र्यांमध्ये हा मोसम पुसट होतो आणि केस वर्षभर थोडेथोडे पडत राहतात. तेव्हा तुलना करायची ती एवढ्यापुरतीच: सुटायला आलेला केस अंथरुणावर पडण्याआधी कोण पकडतं, आणि कातडीला न दुखवता पकडतं.

हातात धरायची साधनं

रबरी ब्रश किंवा रबरी हातमोजा सगळ्यांत सौम्य. आखूड केसांच्या कुत्र्यांना तो पुरतो, आणि चोळून घ्यायला आवडत असल्यामुळे ते पळून जात नाहीत. आखूड केसांच्या सिंगल कोटवाल्यांनी यापुढचं काही घेऊच नये असं माझं मत आहे. दाट लवेत मात्र रबर खोल जात नाही, वरवरचेच केस निघतात.

स्लिकर, म्हणजे बारीक वाकड्या तारांचा ब्रश, मध्यम आणि लांब केसांसाठी. गुंता सोडवायला त्याला तोड नाही, पण हात जड असेल तर कातडी लाल होते. आधी तो स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. तिथे टोचला तर तेवढा दाब कुत्र्यालाही जास्तच आहे.

खरी निवड अंडरकोट रेक आणि ब्लेडवालं डीशेडिंग टूल यांच्यात करावी लागते, कारण दोन्ही लवेसाठीच असतात. रेकचे दात लांब, बोथट आणि विरळ. ते राठ केसांमधून खाली उतरतात आणि सुटलेली लव ओढून आणतात. ब्लेडवाल्या टूलचे दात आखूड आणि दाट, कडेला जवळजवळ धारच. पाच मिनिटांत केसांचा ढीग दिसतो, म्हणून ते जास्त प्रभावी वाटतं. पण त्या ढिगात नुसती मेलेली लव नसते, वरचे चांगले राठ केसही मधेच तुटून आलेले असतात. माझ्या लॅब्रॅडॉरवर मी एका मोसमात ते जवळजवळ रोज फिरवलं. पाठीवरचा कोट खरखरीत आणि निस्तेज झाला आणि तो पूर्ववत व्हायला पुढचे कित्येक महिने गेले. आज कुणी एकच वस्तू सुचव म्हटलं तर डबल कोटसाठी मी रेकच सांगेन. ब्लेडवालं टूल आधीच घरात असेल तर ऐन मोसमात आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने, त्याच जागी पुन्हा पुन्हा न फिरवता वापरा. हाडं वर दिसतात त्या जागी, पोटावर आणि पूडलसारख्या कोटवर ते नको.

रोज दहा मिनिटं फिरवलेला साधा रेक रविवारी तासभर चालवलेल्या महागड्या टूलपेक्षा घर जास्त स्वच्छ ठेवतो. एका हाताने केस वर धरायचे, खालून एकेक ओळ मोकळी करत विंचरायची. शेवटी धातूचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला म्हणजे काम नीट झालं.

ब्रश की आंघोळ आणि ब्लोअर?

मोसम भरात असताना ब्लोअरचा निकाल कुठल्याही ब्रशपेक्षा मोठा. कोमट पाण्याने आणि शाम्पूने लव सैल होते आणि हवेचा जोराचा झोत ती मुळापासून उडवून लावतो. इथे कामाचा असतो हवेचा जोर. आपला केस वाळवायचा ड्रायर उष्णतेवर चालतो, त्याने कातडी भाजू शकते. जोराच्या झोताचं यंत्र आवाज फार करतं. भित्र्या कुत्र्याला त्याची सवय लावायला अनेक दिवस लागतात, आणि काहींना ती लागतच नाही. अशा कुत्र्याला जबरदस्ती करून मिळणारा स्वच्छ सोफा मला नको वाटतो.

आंघोळीआधी विंचरणं टाळू नका, कारण भिजलेला गुंता आणखी घट्ट आवळतो. लव ओली राहू देऊ नका. ओलसर कातडीवर लाल, चिघळणारे चट्टे उठतात. शाम्पू कुत्र्यांसाठीचाच हवा, कारण त्यांची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते आणि तिची आम्लताही वेगळी. दर आठवड्याला आंघोळ घातली तर कातडी कोरडी पडून केस उलट जास्त गळू शकतात. निरोगी कुत्र्याला साधारण 4 ते 6 आठवड्यांतून एकदा पुरे.

केस कापायचं मशीन फिरवून मोकळं व्हावं का?

डबल कोटवर नको. मशीनने केसांची संख्या कमी होत नाही, फक्त लांबी कमी होते. पडायचे तेवढे पडतच राहतात, आणि आखूड केस कापडात रुतल्यामुळे काढायला जास्त कठीण. शिवाय हा कोट ऊन अडवतो. तो गेला की कातडी उन्हात भाजते. हस्की, पॉमेरेनियन यांसारख्या दाट कोटच्या कुत्र्यांमध्ये मशीननंतर काही वेळा केस महिनोन्महिने परत येत नाहीत, कधी वर्ष-दीड वर्षही लागतं. जटा कातडीपर्यंत गेल्या असतील, जखम झाली असेल किंवा ऑपरेशन असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. पूडल, माल्टीज यांना तर नियमित कातरणं लागतंच.

खाणं

केस मुख्यतः प्रथिनांचा बनतो, म्हणून निकृष्ट आहाराचा परिणाम कोटवर लवकर दिसतो. ओमेगा-3 असलेल्या माशाच्या तेलाने कोरडी कातडी सुधारू शकते, पण 6 ते 8 आठवड्यांआधी फरकाची अपेक्षा धरू नये. मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवा; जास्त झालं की जुलाब होतात.

यातलं काहीच नको, आधी डॉक्टर

सगळीकडून सारखे केस जाणं आणि एका जागी टक्कल पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोल चट्टा, लाली, खपल्या, वास, सतत खाजवणं किंवा पंजे चाटणं दिसलं तर ब्रश बाजूला ठेवा. शेपटीच्या बुडाशी खाज असेल तर पिसवांची ॲलर्जी असू शकते. चट्ट्यांमागे खरजेचे किडे किंवा बुरशी असू शकते, आणि यातली काही दुखणी माणसांनाही लागतात. मध्यम वयात दोन्ही कुशींचे केस सारखेच विरळ होऊ लागले, कुत्रा सुस्त झाला, खाणं न वाढता वजन वाढलं तर थायरॉइड तपासायला हवं. तहान आणि लघवी वाढून पोट सुटलं तर कुशिंग्ज या हार्मोनच्या आजाराचा संशय घेतात. मोठा ताप, ऑपरेशन किंवा बाळंतपण यानंतर काही आठवड्यांनी केस एकदम झडू शकतात. ते सहसा आपोआप परत येतात, तरी एकदा दाखवून घ्यावं.

डॉक्टरकडे जाताना चट्ट्यांचे तारखेनुसार काढलेले फोटो, सध्याच्या खाण्याचं नाव आणि पिसवांचं औषध शेवटचं कधी दिलं ती तारीख सोबत न्या. त्याआधीचे दोन-तीन दिवस आंघोळ घालू नका, म्हणजे कातडीवर जे आहे ते डॉक्टरांना जसंच्या तसं दिसेल.