गोपनीयतेचा करार की डिझाइनची नोंदणी?

सायकलींच्या फ्रेम किंवा कॅरिअर बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. हाताखाली तयार झालेला माणूस उद्या स्वतःचं शेड टाकणार, मग आपलं काम जपायचं कसं? नोकरीवर घेतानाच गोपनीयतेचा करार करायचा, की डिझाइन नोंदवून ठेवायचं? मी दोन्ही केलं आहे.

करार पटकन होतो, खर्चही फारसा नाही. नळी कुणाकडून काय भावाने घेतो, जिग (नळ्या जागेवर पकडून ठेवणारा साचा) कसा लावला की वेल्डिंगनंतर फ्रेम ओढली जात नाही, असल्या गोष्टी कुठल्याच नोंदणीत बसत नाहीत. त्यांना करारच हवा. फक्त ‘सोडून गेल्यावर या धंद्यात उतरणार नाही’ या कलमावर विसंबू नका. १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम २७ पुढे ते सहसा टिकत नाही.

करारच पुरे, हे माझं मत फिरलं ते एका कटकटीमुळे. आमच्याकडून गेलेल्या एकाने आमच्यासारखंच कॅरिअर बाजारात आणलं. वकिलांनी विचारलं, ‘यात गुपित नेमकं काय, ते लिहून द्या.’ लिहायला बसलो. पट्टीचा बाक, खालच्या बोल्टची जागा, पिशवी अडकवायची कडी... सगळं विकलेल्या प्रत्येक कॅरिअरवर उघडं. व्हर्निअर घेऊन कुणीही मोजावं! जे गिऱ्हाइकाच्या सायकलवर गावभर फिरतंय, त्याला गुपित कसं म्हणणार?

हे काही आमच्यासारख्या लहानांचंच दुखणं नाही. कॅलिफोर्नियाच्या स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीतून बाहेर पडून रॉबर्ट चोई आणि बार्ली फोर्समन यांनी वोलागी ही स्वतःची कंपनी काढली आणि डिस्क ब्रेकची लिशो ही रोड सायकल आणली. स्पेशलाइज्ड कोर्टात गेली. जानेवारी २०१२ मध्ये ज्युरीने चोईंनी करार मोडल्याचं मान्य केलं आणि भरपाई दिली एक डॉलर. याच स्पेशलाइज्डने मागच्या सस्पेन्शनमधल्या हॉर्स्ट लिंक या सांध्याच्या रचनेचं पेटंट विकत घेतलं होतं. अमेरिकेत ते संपेपर्यंत इतर कंपन्यांना एक तर परवाना घ्यावा लागे, नाहीतर वेगळी रचना शोधावी लागे. दोन्ही प्रकरणांची जातकुळी वेगळी हे खरं, पण कागदाचं वजन कशाला आहे ते दिसतं.

पेटंटला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. आपल्या कामाला बहुधा डिझाइनची नोंदणी पुरते. मुदत १० वर्षं, पुढे आणखी ५ वर्षं वाढवता येते. तिच्यातही उणं आहेच. संरक्षण मिळतं ते दिसण्याला. बिजागरी चालते कशी, सांधा भार कसा घेतो, हे त्यात येत नाही. कुणी आकार पुरेसा बदलला तर भांडण पुन्हा सुरू. तरी माझा अनुभव सांगतो, प्रमाणपत्र आणि त्यावरची चित्रं समोर ठेवली की बोलणं लवकर आटपतं. नक्कल कशाची, हे समजावत बसावं लागत नाही.

तुमचं खरं कसब जिगमध्ये किंवा उष्णतेच्या प्रक्रियेत असेल तर कदाचित करारच बरा. पण माल बघूनच गिऱ्हाईक ओळखत असेल आणि खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल, तर मी नोंदणी करीन. अर्ज मात्र माल बाहेर पडण्याआधी गेला पाहिजे. प्रदर्शनात मांडलेला एक नमुना किंवा डीलरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला एक फोटोही नावीन्य घालवायला पुरतो.