रेशीमबागेच्या प्रदर्शनातली थरथरणारी मशीन

नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर प्रदर्शन लागलं की एखाद्या कोपऱ्यात वजन उतरवायची म्हणून विकली जाणारी ही मशीन दिसतेच. वजनकाट्यासारखा जाड पाट, त्यावर नुसतं उभं राहायचं. बटण दाबलं की तळपायापासून गालापर्यंत सगळं थरथरतं. माझ्या मावशीने ती साडेअठरा हजारांना घेतली. मी सोबतच होते, म्हणून खेळ जवळून पाहिला.

खरी कमाल टेपची. आधी कंबर मोजली ती बेंबीवर, टेप सैल धरून, मावशी गप्पा मारत असताना. दहा मिनिटं थरथरून झाल्यावर मशीन विकणारा पोरगा म्हणाला, "काकू, ताठ उभ्या राहा, श्वास आत घ्या." टेप दोन बोटं वर सरकवली, करकचून ओढली. झाली कंबर दीड इंच कमी! "बेंबीवर मोज ना जी," मी म्हटलं, तर त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

मावशीच्या मांड्यांना खाज सुटली होती. "चरबी वितळून राहिली ना, त्याचीच खूण," पोरगा म्हणाला. खरं तर कंपनाने कातडीकडे रक्त जास्त धावतं, म्हणून खाज येते, चरबी जागच्या जागीच असते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरी. पाटावर उभं राहून दहा मिनिटांत त्यातल्या कितीशा जळणार? 'दहा मिनिटं म्हणजे तासभर चालणं' हा त्याचा दावा म्हणजे शुद्ध थाप. म्हाताऱ्या माणसांच्या पायातली ताकद आणि तोल यांना अशा कंपनाचा थोडा फायदा काही अभ्यासांत दिसलाय, पण वजन उतरवणं ही वेगळी गोष्ट.

मला सगळ्यात राग आला तो याचा, की तब्येतीबद्दल त्याने एक अक्षर विचारलं नाही. मावशीच्या मणक्यातली गादी आधीच सरकलेली. थोड्याच दिवसांत कळ पायात उतरली आणि हाडांच्या डॉक्टरांनी मशीन बंद करायला लावली. पोटात बाळ असेल, पेसमेकर बसवलेला असेल, पायात रक्ताची गाठ झालेली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, डोळ्याच्या पडद्याचा त्रास किंवा पित्ताशयात खडे असतील, फिट येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या पाटावर पायही ठेवू नका.

परत करायला गेलो तर मैदान रिकामं, फोन बंद. हातात एक चिठोरं, त्यावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' एवढंच ठसठशीत. जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच आहे. आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात जायला 2 वर्षांची मुदत असते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. मावशीने पैसे यूपीआयने दिले होते, म्हणून निदान ज्याच्या खात्यात गेले त्याचं नाव तरी मिळालं. रोख दिले असते तर तेही नसतं.