कुबडीवर तोललेला चित्रपट : ‘ट्रेझर आयलंड’ (१९५०)

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते आमच्या सांगलीत, आणि नटाने आवाज चढवला की तो भूमिकेसाठी चढवला की टाळीसाठी, हे आपल्याला उपजतच कळते असा इथल्या प्रेक्षकाचा (थोडासा आगाऊ) समज आहे. ‘ट्रेझर आयलंड’मधील रॉबर्ट न्यूटन यांचा लाँग जॉन सिल्व्हर, म्हणजे कथेतला एका पायाचा समुद्री चाचा, भडक आहे असे पुष्कळदा ऐकलेले असल्यामुळे, गेल्या रविवारी विश्रामबागेतील घरी दोन भाच्यांना घेऊन हा चित्रपट लावला तेव्हा मीही तो समज बाळगूनच बसलो होतो.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची याच नावाची कादंबरी १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आली. बायरन हॅस्किन दिग्दर्शित हा चित्रपट डिस्नेचा पहिला संपूर्णपणे हाडामांसाच्या नटांचा चित्रपट होय. खाणावळीत मरणाऱ्या खलाशाकडचा नकाशा, जहाज, बंड, बेट हा कथाभाग तो भराभर सांगतो आणि त्यात फारसे काही बिघडत नाही.

न्यूटन मूळचे डॉर्सेटचे. आपल्या मुलखातली बोली त्यांनी या भूमिकेसाठी इतकी घोळून, ‘र’ इतका लांबवून वापरली की आज कोणीही समुद्री चाच्याची नक्कल करताना जे ‘आऽर्र’ करतो, ते बव्हंशी त्यांचेच देणे आहे. डोळे गरगर फिरतात, कुबडी आपटते, शब्द पिटातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतात. तरीही ते खटकत नाही, कारण सिल्व्हर हा स्वतःच नट आहे : कप्तानासमोर अदबशीर आचारी, कथेचा बालनायक जिम याच्यासमोर मायाळू काका, साथीदारांत धूर्त म्होरक्या. म्हणजे भडकपणा न्यूटन यांचा नसून सिल्व्हरचा आहे. शेवटी होडी वाळूत रुतते आणि जिमवर पिस्तूल रोखूनही त्याच्याने चाप ओढवत नाही, तेव्हा हा सगळा अभिनय एकदम गळून पडतो. मग जिमच त्याला होडी ढकलायला हात लावतो. कादंबरीतला सिल्व्हर वाटेतल्या बंदरात नाण्यांची पिशवी घेऊन गुपचूप पसार होतो. मला चित्रपटातला शेवट अधिक पटला.

जिम मात्र कच्चा वाटतो. बॉबी ड्रिस्कॉल गुणी मुलगा, पण इंग्रज माणसांच्या घोळक्यात त्याचे अमेरिकी उच्चार सतत वेगळे पडतात. बेटाच्या दृश्यांना पीटर एलेनशॉ यांच्या रंगवलेल्या देखाव्यांची जोड आहे. रंगवलेले पडदे पाहतच वाढलेल्या आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. खरी अडचण भाषेची झाली. आम्ही पाहिलेल्या प्रतीत मराठी सबटायटल्स नव्हती, इंग्रजी अक्षरे धाकट्याला झेपेनात आणि न्यूटन यांची बोली मलाही अर्धीच समजत होती, त्यामुळे दर दोन मिनिटांनी चित्रपट थांबवून निरूपण करावे लागले.

पालकांना एक सूचना. डिस्नेचे नाव पाहून निर्धास्त राहू नये. डोलकाठीवर इस्रायल हँड्स हा चाचा जिमच्या मागे चढतो तो प्रसंग चांगलाच अंगावर येतो, धाकट्याने तो उशीमागून पाहिला आणि नंतर सिल्व्हरबद्दल, “मामा, त्याचा पाय खरंच तुटलाय का?” एवढेच विचारले. दहा वर्षांखालील मुलांना तो एकट्याने पाहू देऊ नये.