जुन्या गाडीच्या पत्र्यासाठी ग्राइंडर: साधा चार इंची, डायलवाला पाच इंची की बॅटरीचा?

दुकानात अँगल ग्राइंडर (हातात धरून फिरत्या चाकाने धातू कापायचं-घासायचं मशीन) मागितला की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, “किती वॉटचा दाखवू?” फॅब्रिकेशनवाल्याच्या दृष्टीने प्रश्न बरोबर आहे, कारण दिवसभर अँगल आणि चॅनेल कापायचे तर वॉट लागतातच. जुनी गाडी दुरुस्त करून पुन्हा उभी करणाऱ्याने मात्र आधी वेगाचं विचारावं, मग स्विचचं, मग सुट्या भागांचं. वॉटचं शेवटी विचारलं तरी चालतं.

समजा, समोर प्रीमियर पद्मिनी आहे. फियाट ११०० वरून कुर्ल्याला बनलेली ही गाडी. हिला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून फ्लोअर किंवा दाराखालची सिल कुजली की वरून पुट्टी मारून भागत नाही. कुजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. पत्र्याची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे ग्राइंडरला तीन कामं: कापणं, रंग-गंज-पुट्टी उतरवणं आणि वेल्डिंगचे टाके घासून सपाट करणं. कापायला वेग जितका जास्त तितका बरा. उरलेल्या दोन कामांत तोच वेग पत्रा तापवतो. तापलेला पातळ पत्रा फुगतो आणि मग बॉनेट दाबलं की टक्-टक् वाजायला लागतं. ते फुगणं काढायला डेंटर जे पैसे घेतो, त्यात कदाचित दुसरा ग्राइंडर आला असता.

साधा चार इंची, एकाच वेगाचा

बॉशचा जीडब्ल्यूएस ६००, मकिताचा जीए ४०३० (७२० वॉट), डिवॉल्टचा डीडब्ल्यू ८०१ (८५० वॉट) ही या गटातली नेहमीची नावं. यांचा वेग मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या आसपास किंवा थोडा वर. १०० मिमीच्या चाकाची कड अकरा हजारावर सेकंदाला साधारण ५८ मीटर धावते. चाक झिजून ७५ मिमी झालं की तीच कड ४३ मीटरवर येते. झिजलेलं चाक ‘कापत नाही’ असं वाटतं, त्यामागे बऱ्याचदा हेच गणित असतं. मशीनचा त्यात दोष नसतो.

याची मोठी जमेची बाजू म्हणजे आकार. सिलच्या आत, चाकाच्या कमानीखाली, डिक्कीच्या कोपऱ्यात हा शिरतो. १६ मिमी भोकाची चाकं तालुक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. १ मिमीचं कटिंग व्हील लावून फ्लोअर कापायला याच्याइतकं सोयीचं काही नाही. रंग उतरवताना मात्र हा हट्टी आहे. चालू केला की पूर्ण वेग, मधलं काही नाही. रंग खरवडायची काळी जाळीदार स्ट्रिपिंग डिस्क या वेगाने लवकर उडून जाते, आणि वायरच्या कप ब्रशच्या तारा सुटून शर्टात घुसतात. कप ब्रश घेताना त्यावर छापलेला कमाल वेग वाचा. तो मशीनच्या वेगापेक्षा कमी असेल तर तो ब्रश या मशीनवर लावायचाच नाही.

बाहेरून फॅनसारखा रेग्युलेटर लावून वेग उतरवायची युक्ती बरेच जण सांगतात. वेग उतरतो हे खरं, पण मोटरचा जोरही जातो. दाब दिला की मशीन गुदमरतं, आतला पंखा मंदावलेला असतो आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता गुंडाळीचा भाग, तापतं. रिवाइंडिंगवाल्याची तेवढी सोय होते.

डायलवाला पाच इंची

बॉशचा जीडब्ल्यूएस ९-१२५ एस हे इथलं सरळ उदाहरण: ९०० वॉट, डायलने २,८०० ते ११,००० फेऱ्या. पूर्ण वेगावर १२५ मिमी चाकाची कड सेकंदाला ७२ मीटर जाते, म्हणजे कापायला चार इंचीपेक्षा सरस. पाच हजारांवर आणला की तीच कड ३३ मीटरच्या आसपास. स्ट्रिपिंग डिस्क तिथे शांतपणे रंग उचलते आणि पत्रा हाताला सोसेल इतपतच गरम होतो. ऐंशी नंबरची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांचं चाक) लावून टाके घासतानाही वेग उतरवता येतो. गाडीच्या पत्र्यावर निम्म्याहून जास्त वेळ याच कामांत जातो, म्हणून माझा कौल इथे पडतो.

याचे तोटेही आहेत. शरीर मोठं, अडचणीच्या जागी हात वाकडा करावा लागतो. चाकाचं भोक २२.२३ मिमी, स्पिंडलचा आटा एम १४. चार इंचीला सहसा एम १०. म्हणजे आधीचे कप ब्रश आणि पॅड इथे बसत नाहीत. छोट्या गावात पाच इंची चाकं दरवेळी मिळतीलच असं नाही, खोकं भरून आणलेलं बरं. कमी वेगावर खूप वेळ चालवला तर आतला पंखाही हळू फिरतो, तेव्हा मधूनमधून मिनिटभर पूर्ण वेगाने मोकळा फिरवून मशीन थंड करावं. दाब दिला तरी वेग टिकवून धरणारं इलेक्ट्रॉनिक्स त्या मॉडेलमध्ये आहे का, हेही विचारून घ्या.

उलटा प्रकार मात्र कधीच नको: चार इंची मशीनचा गार्ड काढून त्यात पाच इंची चाक. गॅरेजमध्ये हे सर्रास दिसतं, आणि चाक फुटलं तर ते आणि तुम्ही यांच्यामध्ये काहीच उरत नाही.

बॅटरीचा

मकिताचा डीजीए ४०४ (१८ व्होल्ट, १०० मिमी, ८,५०० फेऱ्या) किंवा बॉशचा जीडब्ल्यूएस १८०-एलआय. दोन्ही ब्रशलेस, म्हणजे कार्बन बदलायची भानगड नाही. गाडीखाली झोपून काम करताना वायर नसणं हे केवढं सुख आहे ते एकदा वापरल्यावरच कळतं. पण हिशेब करा. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ९० वॉट-तास असतात. ग्राइंडर ६०० वॉट खेचत असेल तर सलग नऊ मिनिटं. एखादा ब्रॅकेट कापायला भरपूर, अख्खं बॉनेट खरवडायला अगदीच अपुरं. दोन बॅटऱ्या आणि चार्जर धरला तर किंमत साध्या मशीनच्या कितीतरी पट होते. त्याच कंपनीचं बॅटरीचं ड्रिल आधीच घरात असेल तर नुसतं मशीन घ्यावं, एरवी थांबावं.

टिकतं कोण?

भरवशाची कसोटी कंपनीच्या नावापेक्षा तुमच्या गावात लागते. गाडीच्या कामात लोखंडाची भुकटी आणि तारांचे तुकडे हवेच्या फटींतून आत जातात आणि फील्ड-आर्मेचरचं इन्शुलेशन खरवडतात. कधी ना कधी कार्बन, बेअरिंग, स्विच बदलावे लागणारच. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, कोल्हापुरात उद्यमनगर अशा ठिकाणी बिनओळखीच्या नावाची स्वस्त मशीनंही रचून ठेवलेली असतात. त्यांचं आर्मेचर वर्षभराने त्याच दुकानात मिळेल का, एवढंच विचारा. उत्तर देताना दुकानदाराने नजर चुकवली की पुढे सरका.

स्विच कोणता, हे फार कमी लोक पाहतात. सरकता स्विच अडकवला की हात सुटला तरी मशीन चालू राहतं. दुसरा प्रकार पॅडलचा, तो दाबून धरावा लागतो; सोडला की वीज तुटते. पातळ पत्र्याच्या कापात चाक अडकून झटका बसतो तेव्हा हा फरक बोटांइतका महाग असतो. मकितात जीए ४०३० सरकत्या स्विचचा आणि जीए ४०३४ पॅडलचा. मी दुसरा घेईन.

तर निवड अशी. हातात काहीच नसेल आणि एकच घ्यायचा असेल तर डायलवाला पाच इंची. चार इंची आधीपासून असेल तर तो विकू नका, त्याला कायमचं कटिंग व्हील लावून ठेवा आणि डायलवाला दुसरा आणा. एका मडगार्डापुरतंच काम असेल तर साधा चार इंची पुरेसा आहे. रंग उतरवायचा राहिला तर तेवढा केमिकल रिमूव्हरने उतरवा.

पैसे उरले तर चांगल्या मास्कवर घाला, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि डोळ्यांवर पूर्ण फेसशील्ड हवं. काचांवर जाड ओली गोणपाटं टाका, ठिणग्या काचेत रुततात. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी गाडीतून बाहेर काढूनच प्लग लावा. आणि चाकं विकत घेताना मधल्या धातूच्या कड्यावरची तारीख वाचा: रेझिनच्या चाकांचं आयुष्य तीन वर्षं धरलेलं असतं, आणि दुकानातली धूळ खाल्लेली खोकी स्वस्तात मिळतात ती बहुतेक वेळा याच कारणाने.