जुन्या फार्गोचं वायरिंग: ६ व्होल्टच ठेवायचं की १२ करून टाकायचं?

आमच्याकडे १९५१ चा पेट्रोल फार्गो ट्रक आहे, नाव फार्गो पण आतून डॉजच, कुर्ल्याच्या प्रीमियरवाल्यांनी तेव्हा जुळवलेला. आजोबांनंतर बरीच वर्षं शेडमध्ये पडून होता. तुमच्याही दारात असाच एखादा असेल आणि वायरिंग काढायची वेळ आली असेल तर जो भेटेल तो एकच सांगणार, "बारा करून टाका हो, कटकट मिटते." मिटते, पण सगळी नाही, आणि काही नव्याने सुरू होते.

जुनं वायरिंग ठेवून जिथे तुटलंय तिथे जोड मारायचा, हा पर्याय मी तुलनेत धरतच नाहीये. डॅशबोर्डमागची वायर हातात घेऊन जरा वाकवली तर वरचं सुती कापड शाबूत आणि आतलं रबर शिळ्या पापडासारखं कडाकडा तुटून मांडीवर पडलं. त्या काळच्या या गाड्यांत फ्यूज जवळजवळ नसायचेच, त्यामुळे तिथे शॉर्ट झालं तर थेट धूर. वायरिंग पूर्ण नवीनच, यावर वाद नको.

आता व्होल्टचं. ४५ वॅटचा हेडलाइट ६ वर साडेसात अँपिअर ओढतो, १२ वर पावणेचार. म्हणजे ६ व्होल्टला वायर जाड लागते आणि प्रत्येक थिंबल (वायरीच्या टोकाचा पितळी तुकडा), प्रत्येक अर्थ (गाडीच्या पत्र्याला केलेला जोड) चकचकीत लागतो, जरा गंज आला की उजेड गेला. आमच्या ट्रकला बॅटरीवर ६.२ दाखवत होतं आणि दिव्याच्या होल्डरवर ४.९! बल्बचा उजेड व्होल्टच्या मानाने फार झपाट्याने पडतो, इतक्या फरकात तो निम्म्याच्याही खाली जातो. लोक म्हणतात सहाचे दिवे म्हणजे देवघरातली समई, अहो पण बल्बला पूर्ण सहा पोचूच देत नाही ना आपण. नवीन जाड वायर, मडगार्डचा रंग खरवडून अर्थ, आणि तेच बल्ब ५.८ वर आले.

सेल्फचं, म्हणजे इंजिन उठवणाऱ्या स्टार्टर मोटरचं, तसंच. जड फिरतो म्हणून बारा करणारे बरेच, पण बॅटरीची केबल बघा, बहुतेक वेळा कोणीतरी आजकालच्या कारची बारीक केबल लावलेली असते. ६ व्होल्टला ५० ते ७० स्क्वेअर एमएम हवी, आणि अर्थची केबलही तेवढीच, ती थेट इंजिनवर. आमचा एवढ्यावरच उठला. याउलट १२ केलं तर सेल्फ तोच चालतो आणि झटक्यात उठवतो हे खरं, पण इंजिनच्या चाकाच्या (फ्लायव्हीलच्या) दात्यांवर दणका बसतो, आणि जास्त वेळ दाबून धरायचाही नाही.

१२ करायला नेमकं काय काय लागतं ते आधी कागदावर लिहून काढा, कारण वायरिंगवाला सुरुवातीला फक्त बॅटरी आणि अल्टरनेटर (जुन्या डायनॅमोच्या जागी बसणारं चार्जिंगचं यंत्र) एवढंच सांगतो. कॉईल (स्पार्क प्लगला करंट देणारी) बदला नाहीतर रेझिस्टन्स घाला, सगळे बल्ब, हॉर्न, पेट्रोलच्या काट्याला व्होल्ट कमी करणारा तुकडा. वायपर विजेवर नसून व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनच्या हवेच्या ओढीवर असेल तर तेवढा सुटला. अल्टरनेटरची पुली बारीक आणि जुना फॅनबेल्ट रुंद, म्हणजे पुली आणि ब्रॅकेट खरादवाल्याकडे. या गाड्यांना प्लस अर्थ (बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला) असतो आणि अल्टरनेटरला मायनस लागतो, म्हणून कॉईलच्या आणि अँपिअर मीटरच्या वायरी उलट करायच्या. अँपिअर मीटरवर तर खास लक्ष, सेल्फ सोडून अख्ख्या गाडीचा करंट त्या छोट्या डब्यातून जातो, ६० अँपिअरचा अल्टरनेटर लावून जुना ३० चा मीटर मध्ये ठेवलात तर तो तापून आग लागू शकते. त्याला बायपास करा, व्होल्टमीटर बसवा.

बदल्यात मिळतं पण खूप. आयडलला (गाडी उभी, इंजिन सावकाश चालू) पण चार्जिंग, कुठल्याही दुकानात बॅटरी, ३० अँपिअरचे साधे रिले, मोबाईल चार्जर, हॅलोजन. ६ वर डायनॅमो ट्रॅफिकमध्ये काहीच देत नाही, हॉर्न दाबला की अँपिअर मीटरचा काटा मायनसकडे. ६ ची मोठी बॅटरी सांगून मागवावी लागते, बल्ब जुन्या राजदूत-येझदीचे मिळाले आणि होल्डर जुळला तर डॅश आणि पार्किंगचं भागतं, हेडलाइटचे शोधावे लागतात.

मग ठरवायचं कसं? मी एकच विचारतो, रात्री चालवणार का? हौसेची जुनी गाडी म्हणून ठेवणार असाल तर तशीही ती रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढंच. सकाळी निघून दुपारी परत येणाऱ्या ट्रकला अल्टरनेटर कशाला? तिथे ६ च ठेवा, कापडी वेणीची नवीन वायर मिळते, आत चांगलं पीव्हीसी आणि वरून जुना थाट. घाट, पाऊस, रात्रीचा हायवे असं खरंच करणार असाल तर मात्र १२, तिथे हौस बाजूला.

आणि नक्की ठरत नसेल तर हार्नेस (सगळ्या वायरींचा जुडगा) ६ च्या हिशोबानेच जाड बनवून घ्या, फ्यूज बॉक्ससकट. ६ ची वायर १२ ला बिनधास्त चालते, १२ साठी ओढलेली बारीक वायर ६ ला चालत नाही. फक्त वायरींचे रंग वेगवेगळे घ्या आणि डायग्राम स्वतः काढून ठेवा. आमच्या आधीच्या एका वायरिंगवाल्याने अख्खा ट्रक लाल वायरीत केला होता, तो सोडवण्यात दोन रविवार गेले.

आमचा सहावरच आहे. बॉनेटच्या आतून ऑइलपेंटने मोठ्या अक्षरात लिहिलंय, "६ व्होल्ट, प्लस अर्थ", कारण एकदा शेजारचा मुलगा चांगल्या मनाने त्याची १२ व्होल्टची कार आणून जंप केबल लावायला निघाला होता.