डॉक्टरचा चेहरा आणि लेखकाची लेखणी

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानमालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली आणि तीन वर्षांतच तिच्यापुढे असा पेच उभा राहिला, की एखाद्या साध्या मालिकेने तिथेच गाशा गुंडाळला असता. डॉक्टरचे काम करणारे विल्यम हार्टनेल प्रकृतीने थकले होते. त्यावर निर्मात्यांनी तोडगा काढला, की डॉक्टर मुळात परग्रहावरचा आहे आणि शरीर निकामी झाले की त्याचा कायापालट होतो. 1966 च्या ऑक्टोबरात हार्टनेल यांच्या चेहऱ्याच्या जागी पॅट्रिक ट्राउटन यांचा चेहरा आला. आजोबांसारखा करारी डॉक्टर जाऊन बासरी वाजवणारा, विदूषकी वाटावा असा डॉक्टर आल्याने तेव्हाचे अनेक प्रेक्षक रुसले. तेव्हापासून डॉक्टर बदलला की प्रेक्षकांनी रुसायचे आणि सहा महिन्यांत ‘हाच खरा डॉक्टर’ म्हणायचे, असा जणू प्रघातच पडून गेला आहे.

डॉक्टरची भूमिका करणारी पहिली स्त्री ठरलेल्या जोडी व्हिटकरच्या वाट्याला आलेला रुसवा मात्र लवकर निवळला नाही. तिचे 2018 मधील दहा भागांचे पहिले पर्व मी अलीकडे सलग पुन्हा पाहिले, आणि त्या रुसव्यातील बराचसा भाग चुकीच्या पत्त्यावर गेला होता, असे माझे मत झाले.

तिच्या निवडीची घोषणा 16 जुलै 2017 रोजी, विम्बल्डनच्या पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यानंतर झाली. पाचवा डॉक्टर साकारलेल्या पीटर डेव्हिसन यांनी, मुलग्यांसमोरचा एक आदर्श गेल्याची हळहळ व्यक्त केली; सहावे डॉक्टर कॉलिन बेकर यांनी तो मुद्दा जाहीरपणे खोडून काढला. वास्तविक ही कल्पना काही आभाळातून पडलेली नव्हती. आपला वारस ‘तो किंवा ती’ असेल, असे चौथे डॉक्टर टॉम बेकर यांनी भूमिका सोडतानाच मिश्कीलपणे सुचवले होते आणि मालिकेच्या जन्मदात्यांपैकी एक असलेल्या सिडनी न्यूमन यांनी 1986 मध्ये बीबीसीला स्त्री डॉक्टरचा प्रस्ताव दिला होता. बालगंधर्वांचा शालू डोळे भरून पाहणाऱ्या रंगभूमीच्या वारसदाराला तर यात धक्का बसण्याचे कारणच नव्हते. तरीही माझ्या कपाळाला आठ्या पडल्याच होत्या, कारण मला पीटर कपाल्डी हवे होते; आधीचा डॉक्टर आवडला असेल तर नव्यात खोट काढायला निमित्त लागत नाही.

पहिला भाग 7 ऑक्टोबर 2018 रोजी प्रक्षेपित झाला. शेफिल्डजवळ थांबलेल्या आगगाडीचे छत फोडून डॉक्टर आत कोसळते, तेव्हा तिच्या अंगावर कपाल्डी यांचेच फाटके, ढगळ कपडे असतात आणि तिला स्वतःचे नावही आठवत नसते. यास्मिन खान ही तरुण पोलीस तिला ‘मॅडम’ म्हणते, तेव्हा ‘मॅडम का?’ असे ती निरागसपणे विचारते; बाई आहात म्हणून, असे उत्तर येताच हे आपल्याला शोभते का, अशी चौकशी करते. ज्या बदलावर वर्षभर रणे माजली, तो बदल पटकथेने असा दोन वाक्यांत निकालात काढला. पुढे एका कार्यशाळेत ती डोळ्यांवर गॉगल चढवून, ठिणग्या उडवत, शेफिल्डच्या पोलादी चमच्यांपासून स्वतःचा सॉनिक स्क्रूड्रायव्हर घडवते. आधीच्या डॉक्टरांना हे अवजार टार्डिसकडून, म्हणजे डॉक्टरच्या कालयानाकडून, आयते मिळताना आपण पाहिले होते. हिने ते हातांनी बनवले, आणि तेही पोलादासाठी नाणावलेल्या गावात. व्हिटकरच्या देहबोलीतील लगबग, अर्धवट सोडलेली वाक्ये, यॉर्कशायरचा मोकळा उच्चार हे सारे या प्रसंगात एकजीव होते.

हा भाग सुमारे 1 कोटी 9 लाख प्रेक्षकांनी पाहिला. 2005 मध्ये मालिका पुन्हा सुरू झाल्यापासून त्या वेळेपर्यंत एकाही नव्या डॉक्टरच्या पहिल्या भागाला इतके प्रेक्षक लाभले नव्हते. दहाव्या भागापर्यंत मात्र हा आकडा 70 लाखांच्या खाली उतरला. चेहरा पाहूनच पाठ फिरवणारे पहिल्या भागाला आलेच नसते. आलेले लोक का गेले, याचे उत्तर उरलेल्या नऊ भागांत शोधायला हवे.

तिसरा भाग उत्तम आहे. 1 डिसेंबर 1955 रोजी अमेरिकेतील मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये कृष्णवर्णीय रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडण्यास नकार दिला, तो प्रसंग घडावा म्हणून डॉक्टर आणि साथीदारांना त्याच बसमध्ये आसने अडवून बसून राहावे लागते. निवृत्त बसचालक असलेला ग्रॅहम कळवळून उतरू पाहतो आणि डॉक्टर त्याला थांबवते. इथे काहीही न करणे हीच कृती आहे, आणि ती व्हिटकरने फक्त चेहऱ्यावर पेलली आहे. पण सहाव्या भागात, ऑगस्ट 1947 मधील पंजाबात, हीच युक्ती पुन्हा येते. यास्मिनच्या आजीचा, उम्ब्रीनचा, हिंदू प्रेमशी विवाह होतो, नव्याने आखलेल्या सीमेवर डॉक्टर तो लावून देते आणि प्रेमचा सख्खा भाऊच जमावाला घेऊन येतो. फाळणीवर ब्रिटिश मालिकेने इतक्या हळुवारपणे लिहावे, याचे श्रेय विनय पटेल यांना द्यायलाच हवे. शेवटी नेहमीची शीर्षकधून पंजाबी ढंगात गायली जाते, तेव्हा आपण थोडा वेळ गप्प होतो. तरीही डॉक्टर पुन्हा एकदा साक्षीदारच उरते. सातव्या भागात तर महाकाय गोदामाच्या कंपनीतील पिळवणूक दाखवल्यानंतर दोष यंत्रणेचा नाही, असे डॉक्टरच्याच तोंडून वदवले आहे. अन्याय दिसताच सत्ता उलथवणारी ही व्यक्ती अशी मवाळ का झाली, हा प्रश्न रास्त होता. पण त्याचे उत्तर नटीने नव्हे, प्रमुख लेखक ख्रिस चिबनॉल यांनी द्यायला हवे होते.

गंमत अशी, की हेच चिबनॉल 1986 मध्ये, सोळाव्या वर्षी, चाहत्यांच्या बाजूने बीबीसीच्याच एका कार्यक्रमात बसले होते आणि त्या वर्षीच्या पर्वाच्या ठोकळेबाज कथेबद्दल लेखकांना तोंडावर सुनावत होते. त्यांची तक्रार पटकथेविषयी होती. त्याच सुमारास भूमिका गेली ती मात्र कॉलिन बेकर यांची. भडक रंगांचा कोट त्यांनी शिवला नव्हता आणि पहिल्याच कथेत डॉक्टरने साथीदाराचा गळा आवळावा, हेही त्यांनी लिहिले नव्हते. पडद्यावर दिसणारा चेहरा त्यांचा होता, एवढाच काय तो त्यांचा दोष. बत्तीस वर्षांनी लेखणी चिबनॉल यांच्या हाती होती आणि टीका व्हिटकर झेलत होती.

तीन साथीदारांची गर्दी हीही अडचणच होती. पन्नासेक मिनिटांच्या भागात चौघांना दोन-दोन वाक्ये वाटून देताना डॉक्टरच्या वाट्याला बहुतेक वेळा माहिती सांगण्याचेच काम उरते. संगीतकार सेगुन अकिनोला आणि छायाचित्रण यांविषयी मात्र माझी काहीच तक्रार नाही.

ज्यांना पूर्ण पर्व पाहण्याचा उत्साह नाही, त्यांनी पहिला, तिसरा आणि सहावा भाग पाहून नववा चुकवू नये. त्यात नॉर्वेतील एका एकाकी घराच्या आरशापलीकडे एक सजीव विश्व आहे. ते एकटेपणाला कंटाळलेले आहे आणि शेवटी खुर्चीवर बसलेल्या बेडकाच्या रूपात डॉक्टरशी बोलते. या बेडकाची प्रेक्षकांनी यथेच्छ टर उडवली, आणि बेडूक दिसतोही रबरी. पण समोर उभी असलेली व्हिटकर त्याच्याकडे आयुष्यभर शोधत असलेला मित्र सापडावा तशी पाहते. इथे राहिलो तर दोघांचाही नाश होईल, हे त्याला समजावताना तिचा आवाज चाचरतो. तिथे साथीदार नाहीत, माहिती सांगायची नाही, आणि पूर्ण प्रसंग तिच्या एकटीच्या हाती आहे.